पातेरा, किंजळ आणि फोटोतलं जोडपं



दसऱ्याचं सोनं लुटून झालं आणि पावसानं पाठ फिरवली की कोल्हापूर–गगनबावडा रस्त्यावर एक वेगळी वर्दळ सुरू होते. तुम्ही सगळ्यांनी ती बघितली असेल. कुणी मोटारसायकलवर, कुणी चारचाकीतून वर येतं. बऱ्याच गाड्यांत दोघंच असतात, नवरा आणि बायको. गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या मठात जाणारे भाविक लगेच ओळखू येतात. कोकणात घरी निघालेले चाकरमानीही ओळखू येतात. हे जोडपं त्यातलं नसतं. गळ्यात कॅमेरा असतो, नाहीतर मोबाईल काठीला लावलेला असतो. घाटमाथ्यावर गाडी बाजूला लावून दोघं डोंगराकडं बघत उभी राहतात. ती रंगांसाठी आलेली असतात.

आज मी तुम्हाला दोन गोष्टींचा इतिहास सांगणार आहे. एक, या डोंगराच्या रंगाचा. दुसरी, कॅमेरा घेऊन निघालेल्या जोडप्याची. दोन्हींचा आपल्याशी काय संबंध, ते बोलता बोलता कळेल.

पहिल्यांदा ही हौस आली कुठून ते बघू. थंड मुलखात, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, कॅनडात, जपानात, सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रानंच्या रानं पिवळी, केशरी, लाल होतात. दिवस लहान होतो, गारठा वाढतो, आणि झाड आपल्या पानातला हिरवा रंग आवरून घेतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. हिरवा गेला की तो उघडा पडतो. काही झाडांत त्याच दिवसांत लाल रंग नव्यानं तयार होतो. मग पानं गळतात. तिकडं लोक ही पानगळ बघायला गाड्या काढून शेकडो मैल फिरतात, हॉटेलं भरून जातात. ज्यांची लेक-जावई तिकडं आहेत त्यांना हे सांगायला नको, तसले फोटो फोनवर येतातच. ते बघून आपल्याकडच्या जोडप्यांनाही वाटतं, आपणही जावं.

पण आपला डोंगर त्यांच्या पंचांगाप्रमाणं चालत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही सगळा चार महिन्यांत. गोठवणारी थंडी इथं पडत नाही. इथल्या झाडाला भीती असते ती पुढं येणाऱ्या कोरड्या दिवसांची. म्हणून आपली पानगळ माघ-फाल्गुनात होते. आणि रंग म्हणाल तर ते एकदम येत नाहीत, पाळीपाळीनं येतात.

भाद्रपदात तेरडा. आपल्या कोल्हापूर भागात तेरड्याच्या डहाळ्यांची गौर करतात. म्हणजे गुलाबी झालेला उतार हा आपल्यासाठी देखावा नसतो, गौर आणायची वेळ झाल्याची ती खूण असते. त्याच्या मागोमाग सोनकी येते आणि सडा पिवळा होतो. ओल्या कातळावर सीतेची आसवं येतात, निळीजांभळी, डोळ्यात तेल घालून बघितली तरच दिसतील एवढी बारीक. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलली की सगळा उतार निळसर करून टाकते. फुलून बी धरलं की ते झाड मरतं. तिच्या काठ्या आपल्या कुडाच्या भिंतींना लागतात, त्यामुळं कारवी कधी फुलली होती हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना घर कधी शाकारलं त्यावरून आठवतं.

आणि मग आश्विन-कार्तिकात येतो किंजळ. ऐनाचा हा भाऊबंद. पाऊस सरता सरता त्याला फिकट तुरे येतात, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पण फुलं जाऊन पंखांची बारीक फळं धरली की झाडाचा शेंडा गंजासारखा तांबूस होतो. एकेक झाड नव्हे, झाडांच्या ओळी. लांबून बघणाऱ्याला वाटतं पानं पिकली. पानं हिरवीच असतात, तांबडी असतात ती फळं. फोटोवाल्या जोडप्यांना आपल्याकडं शरदात जो लाल डोंगर सापडतो, तो बहुतेक वेळा हा किंजळच असतो.

पानांचा खरा लाल रंग बघायचा तर फाल्गुनात यावं. कुसुंबाला नवी पालवी फुटते ती भडक लाल, नव्या लुगड्यासारखी. पळस, पांगारा, सावर तेव्हा फुललेले असतात. अंजनीला खोडालगत निळे झुबके येतात. म्हणजे तिकडं झाड निरोप घेताना लाल होतं आणि आपल्याकडं नवं पान जन्माला येतानाच लाल असतं. फाल्गुनात मात्र कॅमेरेवाले फारसे फिरकत नाहीत, ऊन लागतं.

आता इतिहासाकडं येऊ. हा डोंगर आज रंगतो, कारण त्याच्यावर झाडं उभी आहेत. ती आपोआप उभी राहिली का? आपण ज्या गावात बसलोय ते बावडा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांची जहागीर. शिवाजी महाराजांच्या काळापासून स्वराज्याची सेवा केलेला हा माणूस. राजाराम महाराज १६८९ साली जिंजीकडं गेले तेव्हा इकडचा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांच्या हाती दिला. पुढं १७०० नंतर ताराराणींनी औरंगजेबाशी झुंज दिली, त्या काळातही ते कारभारात होते. नंतर कोल्हापूरची गादी वेगळी झाली, आणि ताराराणींना बाजूला सारून राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला, त्या उलथापालथीतही पंत होते. हा भाग मला आवडत नाही, पण तो आहे. त्याच संभाजी महाराजांच्या काळात, १७१५ साली लिहिलेलं राजनीतीचं ‘आज्ञापत्र’ पंतांच्या नावावर आहे. पंत अमात्य बावडेकरांचा वाडा आजही आपल्या गावात आहे.

त्या आज्ञापत्रात किल्ल्यांविषयी लिहिलंय, आरमाराविषयी लिहिलंय, आणि त्यातच झाडांविषयी लिहिलंय. गडाच्या भोवतीची झाडी जतन करावी, तिला हात लावू नये, कारण ती अडचणीच्या वेळी गडाचं रक्षण करते. जहाजांना लाकूड लागतं, तर सागासारखी लाकडं परवानगीनं तोडावीत. पण आंबा-फणसाला हात लावू नये. का? कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचा संतोष करून तोडावं. बळजोरी करू नये.

मैत्रिणींनो, तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. सरकारच्या जहाजाला लाकूड हवंय, तरीही ज्याचं झाड आहे त्याला विचारा, असं राज्याचा अमात्य सांगतोय. इतिहासाच्या पुस्तकात हा भाग पर्यावरण म्हणून शिकवतात. मला त्यात दुसरंच दिसतं. झाडाला धनी आहे, त्या धन्याचा जीव झाडात अडकलाय, आणि त्याच्या होकाराशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. फक्त एक प्रश्न त्या पत्रात कुणी विचारला नाही. लेकरासारखं वाढवलं म्हणजे पाणी कुणी घातलं? कुंपणाचे काटे कुणी आणून लावले? धनी म्हणून राजी कुणाला करायचं? तेव्हा तो प्रश्न सुचायचा काळ नव्हता. आज आहे, म्हणून पुढं त्याच्यावर येते.

पुढं इंग्रज आले. १८४४ साली कोल्हापूर मुलखात गडकऱ्यांचा उठाव झाला. तो मोडल्यावर इंग्रजांनी इकडच्या गडांची बांधकामं पाडून टाकली. गडाचा पहारा गेला आणि गडासाठी राखलेल्या झाडीचं कारणही गेलं. इंग्रजी मुलखात जंगलखातं आलं, १८७८ साली जंगलाचा मोठा कायदा आला. सरकारला रेल्वेसाठी, इमारतींसाठी लाकूड पाहिजे होतं. डोंगरातल्या माणसाला पाहिजे होता पालापाचोळा.

हे तुम्हाला समजावून सांगायला नकोच. पातेरा म्हणजे काय ते शहरातल्या बाईला सांगावं लागतं. माघ-फाल्गुनात पानं गळाली की पहाटे उठून रानात जायचं, वाळलेली पानं गोळा करून डालग्यात दाबून भरायची, डोक्यावरून आणायची. ऐनाची, किंजळाची टहाळं तोडून वाळवायची. पेरणीआधी भाताच्या तरव्याच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, माती असे थर द्यायचे आणि भाजायचे. हा राब. त्यानं जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, रोप जोमानं येतं. उरलेला पातेरा गोठ्यात गुरांखाली. जगात सगळीकडं लोक ज्या पानगळीचे फोटो काढतात ती पानगळ आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून वाहून शेतात घातली. फोटोला ती कधी दिसली नाही, पण भाताच्या रोपात ती होती.

जंगलखात्याला मात्र राब म्हणजे नासाडी वाटली. टहाळ तोडायला बंदी, चराईला बंदी, दंड, गुरं कोंडवाड्यात. ठाणे-कुलाब्याकडं याच्यावरून इतका असंतोष झाला की १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी एक जंगल आयोग नेमावा लागला. त्याच्या आधीच, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून संपवला होता. डोंगरातली फळंफुलं, पालापाचोळा आणि गायरान यांच्यावर गरीब शेतकरी कसा जगत होता आणि जंगलखात्यानं ते कसं हिरावून घेतलं, हे त्यांनी त्यात मांडलंय. शाळेत आपण जोतीराव शिकतो ते मुलींच्या शाळेसाठी. पातेऱ्याचा प्रश्न मांडणारे जोतीराव मला बी.ए. करताना भेटले, आणि तेव्हा वाटलं, हे तर आमच्या घरातलं बोलतायत.

आता दुसऱ्या गोष्टीकडं वळू, कॅमेऱ्याकडं. गोष्ट तशी लांबची वाटेल, पण जिचे कष्ट फोटोत येत नाहीत ती बाई इथंही आहे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली. तेव्हा कॅमेरा म्हणजे साहेबाचं आणि श्रीमंताचं खेळणं. तो आपल्या माणसांच्या हाती आला हळूहळू. त्यातलं एक नाव सगळ्यांना माहीत आहे, दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचे, आधी फोटोग्राफर, मग छपाईच्या धंद्यात. मुंबईत एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि वेड लागलं. दुसऱ्या दिवशी बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन पुन्हा बघायला गेले. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला जाऊन शिकून आले, कॅमेरा मागवला. पण भांडवल कोण देणार? लोकांची खात्री पटवायची म्हणून त्यांनी एक लहानसा चित्रपट केला. राजाचा नाही, देवाचा नाही. कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते रोज थोडंथोडं टिपलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली. या देशातल्या चित्रपटाच्या इतिहासात अगदी सुरुवातीला एक रोप आहे, आणि त्याच्यासमोर रोज कॅमेरा लावणारं एक घर आहे. म्हणून मला वाटतं, निसर्गाचा बदलता रंग टिपायला निघालेलं आपल्याकडचं पहिलं जोडपं कुठलं म्हणाल तर फाळके आणि सरस्वतीबाई. त्यांना गाडी काढून लांब जावं लागलं नाही एवढंच.

सरस्वतीबाईंनी काय केलं ते ऐका. दागिने गहाण ठेवले, हे तर सांगतातच. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडलेली नसत, ती घरी पाडावी लागत, अंधारात, एकाआड एक, चूक झाली की फिल्म वाया. ते काम त्या शिकल्या. फिल्म धुवायची, रसायनं कालवायची, ते शिकल्या. चित्रीकरण उन्हात व्हायचं, तेव्हा पांढरं कापड धरून उजेड पात्रांच्या तोंडावर पाडायचा, ते केलं. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रोज केला. मुलं सांभाळली ती वेगळीच. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. त्यात तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण कुणी बाई मिळेना. पडद्यावर बाई नव्हती, पण ती फिल्म बाईच्या हातातून गेलेली होती. नाव राहिलं दादासाहेबांचं. त्यांची थोरवी मी कमी करत नाही. सरस्वतीबाईंचं नाव त्या शेजारी हवं होतं, एवढंच म्हणते.

आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी घरीच कॅमेरा बनवला आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. म्हणजे बाई कॅमेऱ्यासमोर आली. कॅमेऱ्यामागं यायला अजून वेळ होता.

ती आली होमाई व्यारावालांच्या रूपानं. जन्म १९१३ चा, ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्याच वर्षाचा. नवसारीच्या पारशी घरातल्या, मुंबईत वाढल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. फोटोग्राफी शिकवली माणेकशांनी, पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. दोघंही फोटोग्राफर. होमाई मुंबईतल्या बायकांचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायच्या आणि ते छापून यायचे माणेकशांच्या नावानं. बाईनं काढलेला फोटो कोण विकत घेणार, असा तो काळ. १९४२ साली दोघं दिल्लीला गेली. पुढं स्वातंत्र्याचा सोहळा, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं होमाईंनी टिपलं. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीची ती वर्षं नवऱ्याच्या नावाखालीच गेली. आणि लक्षात घ्या, त्या दोघांत भांडण नव्हतं. नवऱ्यानंच तर शिकवलं होतं. तरी नाव एकाचंच.

आता घाटमाथ्यावरच्या जोडप्याकडं बघा. नवरा कॅमेरा धरतो, बायको किंजळाखाली उभी राहते. मग ती ओढणी सावरते, तो दोन पावलं मागं सरकतो. क्वचित उलटं असतं, ती कॅमेरा धरते आणि तो कंटाळून गाडीला टेकलेला असतो. मला ते बघायला आवडतं. आपण तिथं मोळी घेऊन, नाहीतर गटाचा कोकम सरबताचा डबा घेऊन उभ्या असलो तर एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मावशी, जरा बाजूला होता का?” राग धरायचं कारण नाही, पोरं गोड असतात, जाताना भाकरी-ठेचाही घेतात. पण फोटो घरी जातो तेव्हा त्यात डोंगर असतो, किंजळ असतो, ते दोघं असतात. टहाळ नेमकं तोडून झाड जिवंत ठेवणारी बाई त्यात नसते.

मग कुठं असावी? फोटोत नसली तरी चालेल. कागदात असावी. आता मघाचा प्रश्न, राजी कुणाला करायचं?

आपल्या तालुक्यातला बराच डोंगर मालकी रानाचा आहे. लाकडाचा व्यापारी येतो, किंजळ, ऐन, जांभळाचा सौदा ठरवतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात काही झाडांची यादी आहे. ही झाडं आपल्या स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत आंबा आहे, फणस आहे, हिरडा, जांभूळ, ऐन आहे, आणि किंजळही आहे. आज्ञापत्रातल्या आंबा-फणसानंतर अडीचशे वर्षांनी किंजळाचं नाव सरकारी कागदावर राखायचं झाड म्हणून आलं. परवानगीचा अर्ज करतो कोण? जमिनीचा मालक. म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याची सही. तिथं बाईचं नाव नसेल तर सौदा झाला हे तिला कुऱ्हाडीचा आवाज आल्यावर कळतं. त्या झाडाखालचा पातेरा कुठून आणायचा, हा प्रश्न मग तिचा.

नाव लावता येत नाही असं नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम गावोगाव घेतला, नवऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन करून द्यायची. १९९२ साली राज्य सरकारनंही त्यासाठी परिपत्रक काढलं. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. तीस वर्षं उलटून गेली तरी आपल्यातल्या कितीजणींना ही गोष्ट माहीत होती?

वनजमिनीचं वेगळं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक चांगलं कलम आहे. कसणारं जोडपं असेल तर हक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा. ऐच्छिक नाही, द्यायचाच. आपल्या धनगरवाड्यांवरच्या बायकांसाठी हे महत्त्वाचं आहे. बिगर आदिवासींना २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो, तो गोळा करणं अवघड आहे. पण गावच्या वनहक्क समितीत एकतृतीयांश बायका असल्याच पाहिजेत, हेही त्याच नियमात आहे.

आणि एक. २०२०-२१ च्या सुमारास राज्यानं गगनबावडा हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं. विशाळगड, पन्हाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड यांच्याबरोबरच. दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य १९५८ पासूनचं, ते २०१२ साली जागतिक वारशातही गेलं. तिथून विशाळगडाकडं गवे, बिबटे, अस्वलं फिरतात ती वाट आपल्या रानातून जाते. अभयारण्यात आणि संवर्धन राखीव क्षेत्रात फरक आहे. राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत त्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. तो प्रतिनिधी कोण, पुरुष की बाई, हे ठरतं आपल्याच पंचायतीत. तिथं उद्या पर्यटनाच्या गाड्या कुठं लावायच्या, सड्यावर फुलांत गाडी घालणाऱ्याला कुणी थांबवायचं, वणवा लागला तर कुणी धावायचं, यावर बोलणं होईल. सोनकीत गाडी घालणारे मी स्वतः बघितलेत. फोटो सुंदर आला असेल, पुढच्या वर्षी तिथं चाकोरी होती.

तर पुढच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब झाला की अर्धा तास काढू. प्रत्येकीनं आपल्या डोंगरी रानात ऐन किती, किंजळ किती, आंबा-फणस किती ते मोजून यायचं, आणि सातबाऱ्याचा उतारा आणायचा. उताऱ्यावर तुमचं नाव नसेल तर त्याच्यापुढं खूण करू. मी वही आणि कार्बन पेपर घेऊन येते. ज्यांना ऐन आणि किंजळ यात गोंधळ होतो त्यांनी खोड बघावं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. आणि किंजळ लांबूनच ओळखायचा असेल तर दिवाळी झाल्यावर दुपारी चारच्या उन्हात डोंगराकडं बघा, तांबडं दिसेल तो.